सेलिनवयनीचं खळं

कार्तिक सरता सरता समुद्रावरून येणारा वारा हलका होई आणि सेलिनवयनीच्या गळ्यातला स्वर त्याच वाऱ्यासारखा, कोणाला न दुखवता, माडांतून आमच्या घरापर्यंत येई. ती माझी थोरली जाऊ. तिची मुलं केव्हाच मुंबईला गेलेली. गावच्या चर्चमधल्या पोरांना नाताळची गाणी शिकवणं हेच तिचं उरलेलं मातृत्व. त्या स्वराचा मला हेवा वाटे. त्याहून अधिक, तो ऐकताच हातातला घास टाकून धावणाऱ्या माझ्या लीनाच्या पावलांचा.

लीना माझी एकुलती लेक. शाळेत पहिली, धर्मशिक्षणात पहिली. तिच्या चषकांनी माझं कपाट उजळलेलं. आणि त्या वर्षी नाताळच्या मिस्सेत, चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, एकटीनं गायचं गाणं वयनीनं दुसऱ्याच मुलीला दिलं.

एके दिवशी चर्चची संध्याकाळची घंटा झाली तरी लीना घरी आली नाही. मनात निखारा घेऊनच मी वयनीच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, शिरले. सारवलेल्या भुईवर वयनी आणि लीना मांडी घालून बसल्या होत्या आणि तेच गाणं, जे लीनाला मिळालं नव्हतं, म्हणत होत्या. मधेच लीनाचा श्वास तुटला आणि ती खळखळून हसली. माझ्यासमोर चुकल्यावर ती कधी हसली नव्हती; ओठ घट्ट मिटून माझा चेहरा वाचत असे.

"वयनी," मी म्हटलं, "माझ्या चेडवाक मागच्या रांगेत उभा केलात, आणि आता हे लाड कित्याक?"

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मागे खंय गो? गेल्या आयतवारी पयल्याच ओळीत तिचो दम तुटी. आज बघ, खंय पोचला ता! देवान तिका दुसऱ्याच्या मापान घडवल्यान नाय. तिची वाढ बघूक शिक."

मी लेकीचा हात धरून घरी आणलं. तो हात वाटभर मागे ओढ घेत होता.

नाताळच्या मिस्सेत, मेणबत्त्यांच्या पिवळ्या उजेडात, लीना मागच्या रांगेत उभी राहून सर्वांसोबत गायली. एक अवघड ओळ एका श्वासात पार होताच तिचा चेहरा फुलला आणि डोळे कोणाला तरी शोधू लागले. मी पहिल्या बाकावर होते. ते डोळे माझ्यावरून पुढे गेले.

पुढे लीना परिचारिकेच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला गेली. तिचा पहिला फोन नेहमी काकीला; तिच्या आनंदाच्या आणि अपयशाच्या वार्ता मला वयनीकडून कळत, आणि वयनी त्या इतक्या मायेनं सांगे की रागावण्याचीही सोय उरत नसे.

गेल्या पावसाळ्यात वयनी गेली. काही महिन्यांनी दुपारच्या निवांत वेळी लीनाचा फोन आला.

"आई, मी एका विषयात नापास झालंय." आणि ती रडू लागली.

मी नुसती ऐकत राहिले. रडू ओसरल्यावर ती खूप वेळ बोलली: वॉर्डातल्या एका म्हातारीबद्दल, सुई टोचताना आता हात थरथरत नाही त्याबद्दल. शेवटी आम्ही दोघींनी मिळून प्रार्थना केली. इतक्या वर्षांत प्रथमच माझी लेक माझ्याकडे आली होती, आणि त्या सुखाच्या तळाशीही मत्सर होताच. कारण काकी असती तर हा फोन मला आलाच नसता.

ती होती तेव्हा तिच्याशी निदान चढाओढ करता येत होती. आता ती लेकीच्या आठवणीत राहायला गेली आहे. तिथे तिचं वय वाढत नाही, तिचा आवाज बसत नाही, आणि इथे मी मात्र उशिरा, अडखळत, आई व्हायला शिकते आहे.