अण्णांनी धुतलेलं प्रवाळ

सुनीतीचं तीन वर्षांचं काम मुठीएवढ्या एका दगडावर अडून बसलं होतं. जैसलमेरजवळ, जिथे ज्युरासिक काळात समुद्रकिनारा होता, तिथल्या खडकांत तिला तो सापडला होता. तिच्या मते ते प्रवाळ होतं, तर तिचे मार्गदर्शक विश्वजित सर म्हणत, स्पंज, म्हणजे समुद्रातलाच दुसरा एक साधा जीव. प्रवाळाच्या प्रत्येक खळग्यात मध्याकडे जाणारे उभे पडदे असतात. ते दाखव, मग मानतो, असं सरांचं म्हणणं. पडदे काही दिसत नव्हते आणि नमुना एकच, म्हणून कापायचा धीर होत नव्हता; तो तिने घरीच जपून ठेवला होता. सोमवारी सर निर्णय देणार होते. स्पंज ठरला, की प्रबंधाचा गाभाच गेला.

शनिवारी दुपारी ती विद्यापीठातून गुडगावच्या नव्याकोऱ्या फ्लॅटवर परतली, तर सासरे बाल्कनीत बादलीपाशी उकिडवे बसलेले. अण्णा निवृत्त सुभेदार; मुलाचं, यशोधनचं, घर लावून द्यायला साताऱ्याहून आले होते. दिसेल ती वस्तू चकाचक केल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे.

"तुझ्या त्या दगडावर सिमेंट उडालं होतं गं," अण्णा खुशीत म्हणाले. "गवंड्याचं फरशी धुवायचं तेजाब उरलं होतं, त्यात सकाळीच भिजत घातलाय. बिल्कुल साफ निघेल."

चुनखडीचा दगड आणि तेजाब! चुनखडी तर ॲसिडात विरघळते. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" ती ओरडली. सासऱ्यांपुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. चिमट्याने दगड काढून तिने नळाखाली धुतला, खोलीचं दार लावलं आणि ढसाढसा रडली.

रडून झाल्यावर वाटलं, बुडालंय किती ते तरी बघावं. तिने भिंग लावलं आणि दगड उजेडाकडे वळवला. मागे तिनेच तेजाबाचा एक थेंब टाकून पाहिला होता. तो फसफसला, तशी घाबरून तिने पुन्हा बाटलीला हात लावला नव्हता. पण फसफसला होता तो वरचा चुना. आतल्या जिवाच्या सांगाड्याची जागा केव्हाच गारगोटीने घेतली होती, आणि गारगोटीला तेजाब काय करणार? चुना विरघळून गेला होता आणि खळग्याखळग्यात पातळ पडदे उभे होते, सगळे मध्याकडे तोंड केलेले. सहा मोठे, त्यांच्यामध्ये लहान. तिने तीनदा मोजले. मग ती एकटीच मोठ्याने हसली.

बाहेर आली तर अण्णा बूट चढवून, बॅग घेऊन दाराशी उभे.

"यशोधन ऑफिसातून आला की सांग, अण्णा गावी गेले," ते खाली बघत म्हणाले. "माझ्यापायी तुझं शिक्षण बुडालं, पोरी."

सुनीतीने भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं आणि दगड पुढे धरला. अण्णांनी दुसरा डोळा मिटून निरखलं.

"भिंती दिसतायत बारीक बारीक."

"ते पडदे, अण्णा! स्पंजाला असे नसतात. हे प्रवाळच आहे, आणि तुम्ही भिजत घातलं म्हणून कळलं. मघाशी ओरडले, माफ करा मला."

अण्णा धपकन बॅगेवरच बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

"मग जरा आधी सांगायचं की गं," ते म्हणाले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.