ओलं गोणपाट

माघ सरत आला आणि विट्याच्या माळावरून दुपारचं ऊन तिरपं उतरू लागलं, की खैरूनचाचीच्या भुवया उजळून निघायच्या. पाळी संपवून ती यंत्रमागाच्या शेडबाहेर यायची तेव्हा कापसाचे सूक्ष्म तंतू तिच्या पापण्यांवर, ओठांवरच्या लवीवर, नाकातल्या चमकीवर असे अलगद विसावलेले असत, की त्या शुभ्रतेत वयाचा वाटा किती आणि सुताचा किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. पदरानं तोंड झटकून ती खोकायची. त्या खोकल्यात मात्र शुभ्र असं काही नव्हतं. कोरड्या विहिरीत घागर आपटावी तसा तो खोलवर कुठंतरी आदळून रिकामा वर यायचा.

आयुष्यभर तिनं कांड्या भरल्या. कांडी म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या पोटात बसणारी सुताची लहानशी नळी. ती भरलेली असेल तोवर धोटा इकडून तिकडं धावतो, आणि ती संपली की अख्खा माग भुकेल्या जनावरासारखा थबकतो. तिच्या आज्याचा हातमाग कुंडलच्या घरातच होता, चुलीपासून हाताच्या अंतरावर. तेव्हा माणूस थकला की माग थांबायचा. पुढं वीज आली, माग घरातून उठून शेडमध्ये गेले, आणि माग थांबल्याशिवाय थकायची मुभा माणसाला उरली नाही. औद्योगिक क्रांती म्हणून मी वर्गात जे मुलांना शिकवत आलो, ते सगळं या एका बदलात मावतं. पण हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर मी सेवानिवृत्त झालो होतो.

चाचीचे यजमान दस्तगीरचाचा त्याच शेडमध्ये विणता विणता छातीच्या विकारानं गेले. त्यांचाच माग मग युनूसनं, त्यांच्या थोरल्यानं, चालवायला घेतला. त्याला तिशी लागायच्या आत सांगलीच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडाकडं धरला आणि सांगितलं, या धुळीत राहिलास तर बापाच्याच वाटेनं जाशील. युनूसनं दुसरं काम शोधलं नाही असं नाही. सांगलीच्या पेठेत हळदीची पोती उचलायला तो गेला, आणि पांढऱ्या धुळीतून सुटून पिवळ्या धुळीत सापडला. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला हळद होती आणि खोकला पूर्वीपेक्षा दाट झाला होता. लगीनघरातून आल्यासारखा पिवळा दिसतोस, असं मी त्याला चेष्टेनं म्हणालो. चाचीनं माझ्याकडं असं पाहिलं, की तो विनोद अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

त्या दिवसापासून तिच्या जगण्याला एकच दिशा उरली, पश्चिमेची. युनूसच्या मागाशेजारी, शेडच्या पश्चिमेच्या भिंतीत, एक खिडकी होती. पिढीभर फळ्या ठोकून बंद केलेली. माळावरचं कोरडं वारं आत शिरलं की सूत वाळतं, त्याच्या तारा तटातट तुटतात, म्हणून. ती उघडायची, लेकाच्या छातीत हवा जाऊ द्यायची, एवढंच तिला हवं होतं. आणि ती खिडकी उघडणार होती नेमकी माझ्या परसात. त्यामुळं या लढ्यात माझा शिरकाव अटळ होता.

मी शिरलोही, आणि कसा! शेडसमोरच्या पिंपळाखाली कामगार जमवून मी समाजसुधारणेवर भाषण ठोकलं. श्रमप्रतिष्ठा, प्राणवायू, मानवमुक्ती असे शब्द मी एकामागोमाग एक सोडत होतो. थोड्या वेळानं समोरचे विणकर उजवा हात पुढं करून काहीतरी खेचल्यासारखं करू लागले. एकानं केलं, दुसऱ्यानं केलं, बघता बघता सगळी सभा हात खेचू लागली. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून ही माणसं हातांनीच बोलतात हे मला ठाऊक होतं. ही आपल्याला मिळालेली दाद आहे असं समजून मी आणखी बराच वेळ बोललो. शेवटी चाचीच जवळ आली.

"आवं मास्तर, ते माग बंद करायचा दांडा वडत्यात. बास करा म्हन्त्यात तुमाला."

खिडकी उघडली ती माझ्या वाणीनं नव्हे. एका सकाळी चाची शेडच्या दाराशी भिंतीला टेकून बसली. तिच्या शेजारी दुसरी कांडीवाली बसली, मग तिसरी. घोषणा नाही, झेंडा नाही; नुसते मांडीवर उताणे ठेवलेले हात. आत कांड्या संपत गेल्या, धोटे उपाशी पडले, आणि माग एकेक करून मुका होत गेला. गावानं ती शांतता ऐकली आणि लोक घराबाहेर आले, कारण आमच्याकडं आवाजानं कुणी दचकत नाही, आवाज थांबल्यानं दचकतात.

मालक बाहेर आले. "आगं खैरून, वारं शिरलं की तारा तुटतील. ह्यांचाच पगार बुडंल की!"

"पगार म्होरल्या म्हैन्यात बी मिळंल, मालक. छाती मिळती का कुटं बाजारात?"

फळ्या निघाल्या. त्या संध्याकाळी पश्चिमेचा उजेड पहिल्यांदा शेडमध्ये शिरला, आणि त्या तिरप्या पट्ट्यात हवा दिसू लागली. ती हवा नव्हतीच. ते तरंगणारं, फिरणारं, मंद लकाकणारं कापसाचं धुकं होतं, आणि इतकी वर्षं हीच माणसं ते पीत होती. बघणारे बघतच राहिले. एक म्हातारा विणकर नकळत तोंडावर हात ठेवून उभा होता.

पण वारं मालकाच्या शब्दाला जागलं. फाल्गुनातल्या त्या रुक्ष झुळकांनी तारा तुटू लागल्या. विणकराचं पोट विणलेल्या कापडावर. तार तुटली की माग थांबतो, माग थांबला की चूल. आठवडा सरायच्या आत हातोडा उचलला तो मालकानं नाही, युनूसनं.

"अम्मा, जमत न्हाई गं. लावतो फळ्या."

"उद्याच्याला लाव. आजचा दिस थांब."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बादली, तांब्या आणि गोणपाट घेऊन माझ्या परसात आली. बाहेरून खिडकीवर तिनं गोणपाट ताणून बांधलं आणि त्यावर पाणी शिंपडलं. वारं त्या ओल्या जाळीतून गाळून, निवून, दमट होऊन आत गेलं, आणि तारा टिकल्या. ऊन वाढलं की गोणपाट वाळे. वाळलं की ती पुन्हा येई. कांड्यांमधून उठायची, वळसा घालून परसात यायची, शिंपडायची, जायची. मदत म्हणून मी एकदा बागेची नळीच त्यावर सोडली. पाणी थेट मागावरच्या ताण्यावर, उभ्या सुतावर, उडालं आणि आतून युनूसनं माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली.

"मास्तर, खिडकीला न्हाऊ घालू नगा," चाची हसत म्हणाली. "घाम आल्यागत ठिवायची तिला."

त्या उन्हाळ्यात मी तिला खरी पाहिली. मावळतीचं ऊन तिच्या पाठीवर पडायचं आणि तिची कृश सावली ओल्या गोणपाटावर उमटायची. आतून युनूसला ती दिसे. मग सावलीचे हात बोलत. जेवलास का. खोकला कसा हाय. आतून तो काय उत्तर देई, ते तिला तागाच्या विणीतून धूसर दिसत असणार. कारण कधी ती समाधानानं मान हलवी, कधी बोट उगारून दटावी. खडखडाटानं भरलेल्या त्या भिंतीत आई आणि लेक एका ओल्या कापडाच्या अंतरावर निःशब्द बोलत असत, आणि तुळशीला पाणी घालायच्या मिषानं मी पाहत असे. माझी तुळस त्या वर्षी अतिपाण्यानं कुजली.

युनूसचा खोकला उतरला. पण कांड्या भरायचा कोपरा पूर्वेला होता. तिथं खिडकी नव्हती. आपल्यासाठी दुसरी खिडकी मागायचं चाचीला सुचलंच नाही, आणि आम्हा सुधारकांनाही नाही. पुढच्या हिवाळ्यात तिचा श्वास आखूड होत होत एका पहाटे संपला. तिला माती देऊन आलो त्या दुपारी गोणपाट वाळून कडक झालं होतं. मी तांब्या उचलला. यावेळी बेतानं, तिनं शिकवल्यासारखं, घाम येईल इतपतच शिंपडलं.

रोज शिंपडत राहिलो. तारा तुटत नव्हत्या. आणि मग एका संध्याकाळी युनूस परसात आला, भिंतीकडं बघत उभा राहिला.

"मास्तर, उद्यापास्नं पानी मारू नगा."

"का रे? जास्त होतंय का?"

"न्हाई. तारा ठीक हायत. तुमची सावली पडली की मी मान वर करतो. कळतंय मला, ती न्हाई. तरी बी हात वर जातो, जेवलो म्हनून सांगाय. आन् तितं तुमी."

त्याच्या छातीबद्दल, डॉक्टरांबद्दल, तिच्या हट्टाबद्दल मला बरंच बोलायचं होतं. मी बोललोही थोडं. तो खाली मान घालून ऐकत राहिला, थोरल्या माणसाचं ऐकावं तसं, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून हातोड्याचे ठोके आले. एक फळी, दुसरी फळी. गोणपाट मी बाहेरून सोडून घेतलं. माग चालूच होते. फाल्गुन लागला तसा त्या भिंतीपलीकडून खोकला पुन्हा ऐकू येऊ लागला आहे, आणि इतक्या खडखडाटात मला तो नेमका कसा वेगळा काढता येतो, हे सांगता येणार नाही. काळ गेलेल्या माणसाची जागा भरून काढतो, असं मी कित्येक शोकसभांतून ठणकावून सांगत आलो. आता वाटतं, नसण्यालाही जगायला श्वास लागतो, आणि तो श्वास ते नसणं आठवणाऱ्याच्याच छातीतून घेत राहतं.