वात वळायची नाही

सुनेत्रामावशींचे हात कधी गप्प बसत नसत. त्यापायीच मागच्या परीक्षेत घोटाळा झाला होता.

मावशी निवृत्त डॉक्टर. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळात दर महिन्याला त्यांचं कीर्तन, आणि एरवी गावाबाहेरच्या दलदलीत भटकंती. तिथल्या कापसासारख्या तुऱ्यांच्या कापूसगवतावर त्यांचा भारी जीव. लोकांना ते दाखवायला न्यायचं तर गाईडचा बिल्ला हवा आणि बिल्ल्यासाठी या गवताच्या जाती ओळखायची परीक्षा. मागच्या खेपेला बोलता बोलता त्यांनी एक पांढराशुभ्र तुरा खुडला, बोटांनी पिंजला आणि तळहातावर चक्क वात वळली! दलदलीतलं पानसुद्धा तोडायचं नाही, हा तर पहिला नियम. तिथंच नापास.

आज जूनमधली शेवटची संधी. आणि शनिवारी अख्खं मंडळ दलदलीत फिरायला येणार, असं मावशी सगळ्यांना सांगूनही बसल्या होत्या.

"बिल्ल्याआधी आमंत्रण!" मावशींचे यजमान शशिकांतकाका गाडीत म्हणाले. "हात खिशात ठेव."

"खिशात हात घालून कीर्तन होतं का हो कधी?"

"परीक्षा आहे ती, सुनेत्रा. कीर्तन नाही."

दलदलीतल्या लाकडी पायवाटेवर परीक्षा घेणारी मोना वाट पाहत होती. आईवडील नागपूरचे, ही वाढली डेट्रॉइटला. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र बहुतेक इंग्लिशमध्येच. "रेडी, मावशी? अँड नो वाती, प्लीज."

"देवाशपथ!" मावशींनी हात पाठीमागे बांधले.

मोनाने गवताच्या एका घट्ट गड्ड्याकडे बोट केलं. काडीच्या टोकाला एकच गुबगुबीत तुरा, खाली पान नाही. मावशींचा पाय आपसूक ठेका धरू लागला आणि गळा मोकळा झाला:

"एकच शेंडी, पान ना पदरी, गड्डा धरुनी राही;
झुंबरवाला पानांमधुनी मान लववुनी पाही!"

पायवाट पाण्यावर तरंगणारी. मावशींच्या ठेक्यासरशी ती डुलायला लागली, तसे काका कठड्याला बिलगले. "अगं, हळू! बुडवशील!"

"हा शेंडीवाला, शास्त्रीय नाव व्हॅजिनेटम," मावशींनी लगेच निरूपण सुरू केलं. "तो पलीकडचा सडपातळ, तुऱ्यांखाली एकच पान, तो ग्रॅसिली. आणि तांबूस तुऱ्यांचा व्हर्जिनिकम ऑगस्टशिवाय दर्शन देत नाही."

मोना हसू दाबत म्हणाली, "गुड. नाऊ धिस वन."

समोरच्या काडीवर लोंबते तुरे, खाली दोन-तीन पानं. झुंबरवालाच की! मावशी नाव घेणार तोच थबकल्या. अशी झुंबरं दोघांची असतात: एक अरुंद पानांचा, दुसरा हिरव्या कण्याचा. लांबून दोघे सख्खे भाऊ. फरक तुऱ्याच्या मुळाशी, चिमुकल्या खवल्यात. मधली शीर टोकापर्यंत गेली तर हिरव्या कण्याचा, अलीकडेच थांबली तर अरुंद पानांचा. पण खवलं कापसात पार बुडालेलं.

"मोना, हात लावला तर चालेल? तोडणार नाही."

"टच इज ओके."

काकांनी डोळेच मिटले.

मावशी गुडघ्यांवर बसल्या. देवघरासाठी कापूस पिंजताना कचरा अलगद बाजूला करायची सवय बोटांना होतीच. त्याच हलक्या हाताने त्यांनी तुरा काडीवरच उलगडला, धागा न धागा सुटा केला. एकही तुटला नाही. तळाशी खवलं दिसलं. भिंगातून पाहिलं तर हिरवी शीर सरळ टोकाला भिडलेली.

"हिरव्या कण्याचा! विरिडिकॅरिनेटम!" मावशी ओरडल्या. "अहो, डोळे उघडा, याचं दर्शन घ्या!"

मोनाने वाकून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "मावशी, मी तर याचा फोटोच दाखवते लोकांना. असं उलगडून कुणी दाखवलं नव्हतं." एवढं सगळं मराठीत! तिने खिशातून बिल्ला काढून मावशींच्या गळ्यात घातला. "शनिवारी ते गाणं म्हणायचं. फक्त ठेका जरा हळू."

मावशींनी दलदलीला मनापासून हात जोडले. तुरा वाऱ्यावर पुन्हा फुलून आला, जसा होता तसा.

परत चालताना काका मागून म्हणाले, "सुनेत्रा, हात!"

मावशींनी दचकून पाहिलं. बिल्ल्याच्या दोरीचा सुटा धागा त्यांच्या बोटांत छान वळला गेला होता.

"राहू दे, राहू दे," मोना खळखळून हसली. "ती दोरी दलदलीतली नाही."