मुक्कामाच्या गाडीचा सायलेन्सर

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. प्रवासी गाडीच्या पोटाखाली जे लांबट नळकांडं असतं, तो मी. माझं कामच इंजिनाचा आवाज कमी करण्याचं, त्यामुळे बोलायची सवय नाही. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण एकदा सांगून टाकावी असं वाटतं.

माझा जन्म पत्र्याचा. दोन माणसांनी मला वाकवलं, सांधलं आणि काळा रंग देऊन रत्नागिरीच्या आगारात पाठवलं. ते साल एकोणीसशे ऐंशी. मला एका लाल गाडीला जोडलं. ही गाडी पूर्णगडच्या वाटेवरून आत वळून कातळवाडीला जायची, तिथं मुक्काम करायची आणि सकाळी साडेसहाला रत्नागिरीकडे सुटायची; दुपारीही एक फेरी असे. कातळवाडी आणि आजूबाजूच्या तीन वाड्यांना ही एकच गाडी. मागच्या बाकाखालची फळी फुटलेली होती, म्हणून वरचं बोलणं मला ऐकू यायचं.

गाडीचे ड्रायव्हर गंगाराम. फार सावकाश, फार जपून चालवायचे. टपावर गोदूबाईची माशांची टोपली असायची. आणि मागच्या बाकावर, बरोबर माझ्या वर, सावित्री बसायची. भाट्याला नारळाच्या बागेत ती रोजंदारीवर होती. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. घरात सासू आणि दोन मुली. वीस किलोमीटर जायचं नि वीस किलोमीटर यायचं, तेव्हा कुठं चूल पेटायची.

पहिली चार वर्षं मला कोणी नावं ठेवली नाहीत. मग गाडी काळा धूर सोडू लागली. धूर माझ्या तोंडातून बाहेर पडतो, म्हणून बोट माझ्याकडे दाखवलं जाई. वाळत घातलेल्या कैरीच्या आंबोशीवर काजळी बसली की बायका म्हणत, "मेल्याचं तोंड बगा कसलं काळं." मलाही वाटू लागलं, आपल्यातच काही खोट असेल.

त्याच सुमारास डिझेल महाग झालं. ज्या फेरीला माणसं कमी ती बंद करावी, असा हुकूम वरून आला. माणसं मोजायला एक साहेब आले. ते घाटावरचे, सोलापूरकडचे. कोकणात नुकतेच बदलून आलेले. लागोपाठ दोन दिवस आमच्या सगळ्या फेऱ्यांना ते वही घेऊन बसले.

आणि नेमका तेव्हा शिमगा होता. चारही वाड्यांचा देव एक, पालखी एक. ती घरोघर फिरते ते दोन दिवस तिथलं कोणीही गावाची शीव ओलांडत नाही. मासेमारी बंद, बाजार बंद, सावित्रीचं कामही बंद. गाडी रिकामी आली, रिकामी गेली. आमच्या वळणाच्या फाट्यापुढे, मोठ्या रस्त्यावर चढलेली काय ती सात माणसं.

गाववाल्यांनी साहेबांना अडवलं नाही, काही सांगितलंही नाही. उलट रिकामी गाडी पाहून त्यांना अभिमान वाटला. एक म्हातारा म्हणाला, "बगा साहेब, एक मानूस गाडीत चढला नाय. आमच्या गावाची शिस्त हाय ही." दुपारी गाडी सुटायला वेळ होता, तेव्हा साहेबांना जेवायलाही नेलं. परत येताना ते माझ्याजवळ उभे राहिले. गंगारामांनी गाडी चालू केली आणि मी त्यांच्या पांढऱ्या विजारीवर काळा धूर सोडला.

"सात माणसांसाठी एवढं डिझेल, एवढा धूर," साहेब रुमालानं विजार पुसत म्हणाले. "गंगाराम, ही फेरी काय चालवायची?"

गंगाराम समोरची काच पुसू लागले. तेही माझ्यासारखेच गप्प राहणारे.

पंधरा दिवसांनी आगारात कागद लागला. एक तारखेपासून कातळवाडीची गाडी बंद. गाडीत त्या दिवशी कोणी हसलं नाही. "आता वाडीतल्या रघूचा टेम्पो," कोणीतरी म्हणालं. गोदूबाई म्हणाली, "त्या खोक्यात आट मानसं मावत नाय. मी काय माशांत मासा होऊन बसू?" सावित्री एवढंच म्हणाली, "टेम्पो निघतो नवाला. माझं काम आठाला."

दुसऱ्या दिवशी ती भाट्याला उतरलीच नाही. थेट आगारात आली आणि गंगारामांना म्हणाली, "दादा, त्या साहेबांना दाखवा मला." साहेब आमच्या गाडीजवळच उभे होते.

"साहेब, वळखलंत? शिमग्याला तुमी आमच्याकडं जेवलात. पुरनपोळी वाढीत होती ती मी. तुमी तिसरी नको म्हनत होतात."

साहेब ओशाळले. "हो, आठवतं की."

"पालखी आमच्या घरात होती म्हनून मी घरात होते. नायतर त्या गाडीत असते. रोज असते. सगळीच असतात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं, बाई?"

"आमाला वाटलं, शिमगा सगळ्यांनाच ठावूक."

साहेबांनी खिशातून वही काढून त्या दोन दिवसांची पानं पाहिली. मग म्हणाले, "आमच्याकडं होळी पेटली की दुसऱ्या दिवशी धुळवड खेळून जो तो कामाला. सोमवारी पुन्हा येतो मी. पण त्या धुराचं काय करायचं?"

गंगारामांनी त्याच दिवशी गाडी आगारातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. मेकॅनिक काशीराम खाली उतरला. त्यानं मला हातोडीनं ठोकून पाहिलं. माझा जीव मुठीत. तो म्हणाला, "ह्याच्यात कायपन नाय." मग त्यानं इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर उघडला. त्यातल्या तेलाच्या वाटीत कातळावरच्या तांबड्या मातीचा लगदा झाला होता. "इंजिनाला श्वास कुठनं मिळनार? अर्धं डिझेल जळतच नाय, त्याचा हा धूर. बिचाऱ्या सायलेन्सराला उगाच शिव्या." मित्रांनो, मला किती हलकं वाटलं, ते मला सांगता येत नाही.

सोमवारी साहेब कातळवाडीला चढले. तिसऱ्या थांब्यावर त्यांनी उठून एका गरोदर बाईला जागा दिली, आणि मग भाट्यापर्यंत त्यांना बसायला मिळालं नाही. वही काढायलाही हात मोकळा नव्हता. "किती झाले, साहेब?" गंगारामांनी विचारलं.

"सहासष्ट. टेम्पोनं न्यायचे तर आठ-नऊ टेम्पो लागतील. तेवढ्यांचं डिझेल, तेवढ्यांचा धूर. इथं एका इंजिनात भागतंय."

भाट्याला सावित्री उतरली. पण ती पुढे जाईना, खिडकीखाली साहेबांकडे बघत उभी राहिली. विचारायचा धीर होत नव्हता. साहेब वाकून म्हणाले, "उद्या वेळेवर ये, बाई. साडेसहा म्हणजे साडेसहा. गाडी कुणासाठी थांबायची नाही."

ती मान हलवून बागेकडे चालू लागली. तिची चाल मला रोजच्यापेक्षा सावकाश, ओझं उतरल्यासारखी वाटली.

आठवड्याच्या आत गाडी बंद करण्याचा तो कागद आगाराच्या भिंतीवरून उतरला. मी आणखी तीन वर्षं चाललो. मग गंजून मला भोक पडलं आणि काशीरामनं मला उतरवलं. आता मी आगाराच्या कुंपणापाशी इतर पत्र्यांत पडून आहे. त्याचं दुःख नाही. माझ्या जागी नवा आहे आणि फिल्टर दर आठवड्याला उघडून धुतात.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. पण कधी गाडी धूर सोडताना दिसली, तर तिला मोडीत काढण्याआधी तिची माती झाडा. गाडी रिकामी दिसली, तर गावात आज काय आहे ते विचारा. आणि तुम्ही कुठल्या गावचे असाल, तर पाहुण्याला जेवू घालताना आपल्या अडचणीचेही चार शब्द सांगा. सावित्रीनं ते सांगितले, म्हणून तिच्या मुली दोन्ही वेळा जेवल्या.