फ्लेक्सवरची तेजश्री

सिरसाळ्याच्या चौकात माझ्या ताईचा फ्लेक्स लागला होता. डावीकडे जाडी तेजश्री, उजवीकडे बारीक तेजश्री, मधे हिरव्या पानांत चूर्णाचा डबा आणि वर 'फरक बघा'. खरी तेजश्री बीडच्या दवाखान्यात सलाईन लावून पडलेली. तिचे कपडे न्यायला मी गावात आले होते. बघून अंगाची नुसती आग झाली.

तो उजवीकडचा फोटो मोहिनीवहिनीनं काढलेला. ही माझी चुलतवहिनी, बारीक व्हायच्या चूर्णाचे डबे हीच विकते; ताईलाही हिनंच दिला. फोटो काढला तेव्हाच ताईचे डोळे पिवळे पडले होते, अन्न जात नव्हतं. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर ते डोळे पांढरेशुभ्र करून टाकले. आजारानं वाळलेली पोरगी, आणि तिचीच जाहिरात! डॉक्टर म्हणाले, "लिव्हर सुजलंय, चूर्णात काय आहे ते कळू द्या." डब्यावर काही लिहिलेलंच नाही, कळणार कसं?

मी तडक वहिनीच्या दारात गेले. "वहिनी, फ्लेक्स उतरवा."

"का म्हून? आयुर्वेदिक हाय ते. झाडपाल्यानं कुणाला काय व्हतंय व्हय? तिनंच बाहेरचं कायबाय खाल्लं असंल."

झाडपाला म्हणे! धोतराही झाडपालाच की, खा म्हणावं वाटीभर! स्वतः मात्र ही बाई चूर्णाला बोट लावत नाही. चोराच्या उलट्या बोंबा!

तिच्याच गोठ्यातला कोयता उचलला, चौकात आले आणि टपरीच्या बाकड्यावर चढले. पहिला घाव घातला तशी माणसं धावली.

"ए पोरी! खाली विजयसिंहदादांचा फोटो हाय! दादांना कोयता लावू नको!"

आमच्याकडे कुठलाही फ्लेक्स पुढाऱ्याच्या तोंडाशिवाय लागत नाही. ताई मरणाच्या दारात, तिची चौकशी एकानं केली नाही.

"माझ्या बहिणीचं लिव्हर गेलं तर चालतंय, दादांच्या मिशीला धक्का नको, व्हय?"

"तिचा फोटो तेवढा काप की बाई, दादांचा ऱ्हाऊ दे."

मी मिशीपासूनच कापायला घेतलं.

तेवढ्यात खालून आमच्या गल्लीतली सुकन्या ओरडली. तिचं लग्न जमायचंय. "अगं थांब, चूर्णाचा फोन नंबर तेवढा लिहून घिऊ दे!"

मी खाली उतरले. सकाळीच काढलेला ताईचा फोटो मोबाइलवर तिच्यापुढं धरला. हळदीसारखे डोळे, सुजलेलं पोट, काडीसारखे हात.

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला.

"पर बारीक तर लई झाली गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात चक्क हेवा होता.

माझा हात उठला होता. कसाबसा आवरला. रागानं रडू फुटलं. समोर बीडची एसटी लागलेली. मी सुकन्याचं मनगट घट्ट धरलं आणि तिला ओढत गाडीकडं नेलं.

"चल. तिच्या उशाशी उभी ऱ्हा, आन् मग नंबर लाव."