पुकारायचं राहिलेलं नाव

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुम्ही काही माझे मित्र नाही. तुमच्यापैकी कुणी आजवर खुर्चीची विचारपूस केली आहे का? तुम्ही बसता, पुढचे पाय उचलून झुलता, आणि पडलात की वर मलाच लाथ घालता. तेव्हा आता गुमान ऐका. खाली बसून ऐका, माझ्यावर नको.

लोधीखेड्याच्या गुलाब मिस्त्रीनं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. पाठीला मात्र त्यानं संत्र्याच्या पेटीच्या फळ्या ठोकल्या, कारण उरलेलं चांगलं लाकूड त्याला दुसऱ्या कुणाच्या पलंगाला वापरायचं होतं. तो पलंग कुठं असेल तिथं मोडून पडो. बाभूळ आणि पेटीची फळी यांचं कधी जमलंच नाही, म्हणून मी जन्मापासून कुरकुरते. सौंसरच्या एका शाळेत मी बरीच वर्षं काढली. मास्तर माझ्यावर बसून पोरांना गप्प राहायला सांगायचे आणि मी कुरकुरले की पोरं खिदळायची. पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. पाली, कोळिष्टकं आणि फुटका फळा, एवढाच शेजार.

तिथून मुकुंद सरांनी मला बाहेर काढलं, तेही माझ्या कुरकुरण्यासाठी. हे त्याच शाळेतले शिक्षक, आणि नाटकं लिहायची त्यांना भारी हौस. त्यांच्या नव्या नाटकात एक माणूस बंद दारासमोर खुर्चीवर बसलेला असतो. आतून आपलं नाव पुकारतील म्हणून तो वाट बघतो. केस नीट करतो, उठायची तालीम करतो, दाराला नमस्कार करतो, खुर्ची कुरकुरली की तिची माफी मागतो. नाव काही पुकारलं जात नाही. दार उघडत नाही. संपलं नाटक.

त्या माणसाचं काम गुणवंता करायचा. गुणवंता म्हणजे रामाजीचा मुलगा. रामाजीची खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, पंचक्रोशीत नावाजलेली; ढोलकी वाजली की माणसं जेवण टाकून यायची. त्या गमतीत गुणवंता सोंगाड्या होता. तो बापाचा फड सोडून सरांच्या नाटकात आला, त्या दिवशी रामाजी शाळेच्या दारात येऊन कडाडला, "ना ढोलकी, ना गाणं! येक माणूस नुसता बसून राह्यते, अन् याले नाटक म्हणून राहिले! तुह्या तोंडातून माहं नाव निघालं तर याद राख." त्यानंतर घरात बापलेकांचं बोलणं बंद झालं. गुणवंताची बायको वंदना दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची.

आता गमतीतली एक रीत सांगते, कारण सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. गंमत रंगली की बघणारा उठतो, नोट धरून हात वर करतो. सोंगाड्या चालू सोंग थांबवतो, इनाम घेतो आणि देणाऱ्याचं नाव विचारून ते साऱ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारतो. नाव नाही पुकारलं, तर तो देणाऱ्याचा भर सभेत अपमान.

सौंसरच्या पहिल्याच प्रयोगाला एक बाई उठली आणि तिनं नोट वर केली. गुणवंता जन्माचा सोंगाड्या. तो टुणकन उठला आणि गरजला, "जामसांवलीच्या सुमनबाईंकडून इनाम मिळालं आहे हो! मंडळ आभारी आहे!" ज्या नाटकात कुणाचंच नाव पुकारलं जात नाही, त्यात हे! लोक हसून हसून बेजार झाले. प्रयोग संपताच मुकुंद सर तरातरा स्टेजवर आले. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "नाटक करून राहिला का लिलाव? आणखी एकदा तोंडातून नाव निघालं, तर पुन्हा माझ्या स्टेजवर पाय ठेवायचा नाही." गुणवंतानं मान खाली घातली. सरांची माफी मागितली, आणि सवयीनं माझीही.

मग पांढुर्ण्याला स्पर्धेचा प्रयोग लागला, एका मंगल कार्यालयात, भर दुपारी. लोक गंमत बघायच्या तयारीनं आलेले. थोड्याच वेळात ओरडा सुरू झाला. "अरे, दार उघडा बे त्याच्यासाठी!" "आम्ही येऊन उघडू का?" संत्र्याच्या साली स्टेजवर येऊन पडल्या. एक माझ्या पाठीला लागली. मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात मधल्या वाटेनं एक फेटेवाला म्हातारा चालत आला आणि स्टेजसमोर उभा राहिला. रामाजी! त्यानं हात वर केला. हातात नोट होती. डोळे मुलावर होते आणि चेहऱ्यावर रागाचा मागमूसही नव्हता. त्याला दुसरी कुठली भाषा येत होती? तू चांगलं करून राहिलास, हे सांगायची त्याची तेवढीच रीत.

गुणवंताची बोटं माझ्या हातांत रुतली. तो अर्धा उठला. मी कुरकुरले, लोक हसले. त्यानं पडद्याकडे पाहिलं. तिथं सर बोट रोखून उभे. तो खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. नाटकातही तो तसंच करायचा, म्हणून लोक आणखी हसले. हळूहळू हसू ओसरलं. म्हाताऱ्याचा हात अजून वरच होता. दोघंही आपलं नाव पुकारलं जाण्यासाठी थांबलेले, एक नाटकात, एक स्टेजखाली; आणि एकाच्याच तोंडात दुसऱ्याचं नाव होतं. गुणवंतानं ओठ घट्ट मिटून घेतले.

रामाजीनं हात खाली घेतला. नोट फेट्यात खोचली आणि आला तसा निघून गेला.

लोकांना ते नाटकातलंच वाटलं. केवढ्या टाळ्या पडल्या! साली फेकणारेच उभं राहून टाळ्या पिटत होते. पडदा पडताच सर धावत आले. "कमाल झाली गुणवंता! तुझ्या बापाले सांग, दर प्रयोगाले असंच उभं राह्यजो." गुणवंतानं मला उचललं आणि त्या रंगवलेल्या दारावर फेकून मारलं. माझा पाय मोडला. आयुष्यात प्रथमच मला माझ्या मोडण्याचं वाईट वाटलं नाही.

मला मोडकीला घेऊन तो बसनं घरी आला. अंगणात रामाजी बाजेवर पडला होता. गुणवंतानं मला त्याच्यासमोर टेकवलं, छाती भरून घेतली आणि गमतीतल्या खड्या आवाजात पुकारा केला, "आपल्या गावचे नामी कलाकार रामाजी यांच्याकडून गुणवंताच्या सोंगाले इनाम मिळालं आहे हो! मंडळ आभारी आहे!" वंदना हातातला झाडू घेऊन तशीच उभी राहिली.

रामाजी कूस न बदलता म्हणाला, "आता कायले ओरडून राहिला? लोक गेले ना घरी."

मी अजून त्याच अंगणात आहे. पायाला खिळे ठोकले आहेत, तरी माझ्यावर कुणी बसत नाही. संध्याकाळी गुणवंता माझ्या शेजारी जमिनीवर बसतो आणि बाजेवरच्या बापाकडे बघत राहतो. त्याचं नाव अजून पुकारलं गेलेलं नाही.

मित्रांनो, खुर्चीला ऊनपाऊस लागू देऊ नका, तिच्यावर झुलू नका, असं काहीबाही मी सांगणार होते. ते राहू द्या. समोर कुणी हात वर करून उभं असेल, तर आधी त्याचं नाव घ्या. नाटक नंतर करा. आणि आता उठा इथून.