पुराव्यांची डिस्क

थोरल्या जावेला फायली खोडता येत नव्हत्या असं नाही. तिला गुन्हेगार सोडवत नसत.

सासऱ्यांचं नकाशे काढायचं ऑफिस होतं. अकरा वर्षांचे नकाशे एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर, आणि रोज दुपारी दोघी जावांपैकी एकीने त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. बॅकअप मध्येच बंद पडला की डिस्कवर अर्धवट फाइल उरायची. कामाची शून्य, जागा मात्र ढीगभर खाणारी. खोडली की विषय संपला. थोरली तिला नाव देऊन जपायची. ‘धाकटीने_दार_आपटलं’. ‘धाकटी_मुद्दाम_शिंकली’. अशा तेवीस फायली जमल्या होत्या.

धाकटीला या खुनशीपणाची किळस यायची. तिच्याकडे अशा एकोणीसच होत्या, आणि त्याही लपवलेल्या फोल्डरमध्ये.

आज चार वाजता कॉम्प्युटरवाला येऊन जुनं खोकं भंगारात नेणार होता. सासऱ्यांनी सकाळीच धाकटीला सुनावलं होतं, “नकाशे गेले तर उद्यापासून ऑफिसात पाऊल ठेवायचं नाही.” दोन वाजता तिने बॅकअप सुरू केला. पडद्यावर उत्तर आलं: जागा नाही.

“ताई, तुमच्या फायली खोडतेय.”

“पुरावा नष्ट करतेस?” थोरली खुर्चीवरून न उठता म्हणाली.

“शिंकेचा कसला पुरावा?”

“तुझ्या शिंकेला साक्षीदार आहेत.”

धाकटीने तेवीसच्या तेवीस खोडल्या. तरी जागा कमीच. मग मान खाली घालून तिने लपवलेलं फोल्डर उघडलं. थोरली लगेच मागे येऊन वाचायला लागली. “‘ताईंचा_हत्तीसारखा_पाय’. वा गं वा! आणि मी खुनशी?”

धाकटीने तीही खोडली आणि बॅकअप पुन्हा सुरू केला. बारा टक्के झाले. थोरली पाय आपटत जागेवर परत निघाली, आणि डिस्कचा दिवा विझला.

दोघींनी एकदमच खाली वाकून पाहिलं. डिस्कचा भिंतीतला प्लग ढिला होता. जमीन जरा हलली की सुटायचा. बेचाळीस वेळा तोच सुटला होता. हे कळल्याचं दोघींपैकी कुणालाही बरं वाटलं नाही.

“चिकटपट्टी आणा.”

“संपली. कुणी संपवली ते विचारू नकोस, सांगेन.”

तीन वाजले होते. बॅकअपला पाऊण तास लागायचा. धाकटीला एका वेळी एकतर पडद्यासमोर बसता येत होतं किंवा प्लग धरता येत होता.

“धरा ना, ताई.”

“धरते. फायलीला नाव मी सांगेन ते द्यायचं.”

धाकटीने बारा टक्क्यांची नवी उरलेली फाइल निनावीच खोडली, दात आवळले आणि लिहिलं: ‘थोरलीने_एकटीने_केला’. थोरली भिंतीशी उकिडवी बसली आणि तिने प्लग असा दाबून धरला, जणू पलीकडून कुणीतरी ओढतंय. पंचेचाळीस मिनिटं धाकटीने पडद्यावरून नजर हलवली नाही. साठ टक्क्यांना तिला शिंक आली. तिने ती गिळली. थोरलीने तिरक्या डोळ्याने नोंद घेतली.

शंभर टक्के. धाकटीने दोन-तीन नकाशे उघडून पाहिले. शाबूत होते. दारात कॉम्प्युटरवाला उभा होता. तो खोकं उचलून घेऊन गेला आणि नवं लावून गेला.

सासरे आले. त्यांनी नव्या पडद्यावर डिस्क उघडली, फायलीचं नाव मोठ्याने वाचलं, आणि थोरलीकडे पाहून मान डोलावली. धाकटीला म्हणाले, “ठीक आहे, ये उद्या.” ते आत गेले.

धाकटीने हळूच नाव बदलायला घेतलं. ‘थोरलीने’ खोडून ‘धा’ लिहिलं.

थोरलीने भिंतीशी उभ्या उभ्याच जमिनीवर पाय आपटला. दिवा विझला.

“धरा ना, ताई,” धाकटी म्हणाली.

“माझे गुडघे दुखतात गं,” थोरली म्हणाली, आणि घरी गेली.